लाटेची आगाऊ वर्दी

लातूरच्या माणसानें समुद्राविषयीं लिहावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. मांजरेच्या पात्रांत चार दिवस पाणी टिकलें तरी ज्यांस उत्सव वाटतो, त्यांनीं भरती-ओहोटीच्या गोष्टी कां कराव्या? परंतु दरवर्षीं नाताळच्या सुटींत याच जिल्ह्यांतून शाळांच्या सहली कोंकणांत उतरतात, आणि ज्या मुलांनीं विहिरीपलीकडे खोल पाणी पाहिलेलें नसतें, तीं मुरूड, गणपतिपुळें, मालवण येथील वाळूवर धांवत सुटतात. आमच्या मतें म्हणूनच हा विषय रत्नागिरीकरांपेक्षां लातूरकरांचा अधिक आहे. कोंकणचें पोर समुद्र ओळखतें. आपलें पोर ओळखत नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर त्याचे शिक्षकही ओळखत नाहींत.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही चाळीस मुलें घेऊन मालवणास गेलों होतों. रात्रभर एस. टी.चा प्रवास, घाटांत दोघांतिघांस उलट्या, आणि पहांटे माडांच्या रांगेमागें समुद्र प्रथम दिसला तेव्हां सर्वांनीं केलेला एकच गजर, हें सर्व यथासांग झालें. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला, तो सिंधुदुर्ग समोर दिसत होता. ऊन स्वच्छ, वारा जवळजवळ पडलेला, पाणी तेलासारखें. अशा वेळीं धक्क्यावरील एका वृद्ध तांडेलानें होडी सोडण्यास साफ नकार दिला. आम्हीं कारण विचारलें. तो म्हणाला, "मास्तरांनू, वारो नाय ह्यां खरां; पण पाणी लांबसून इलेलां आसा." भूगोलाचा तास घेणारे आम्ही, आम्हांस त्या वाक्याचा अर्थ कळला नाहीं, आणि न कळलेल्या गोष्टीचा जसा राग येतो तसा रागही आला. भाडें वाढवून मागण्याचा हा डाव असावा, असेंही मनांत आलें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

दीड-दोन तासांनीं ओहोटी बरीच उतरली. किल्ल्याच्या वाटेवर पाण्याखालीं खडक आहेत. सकाळीं त्यांचा मागमूसही नव्हता. आतां समुद्राची पाठ सावकाश फुगावी, खडकापाशीं येतांच ती भिंतीसारखी उभी राहावी आणि पांढरी होऊन कोसळावी, असा प्रकार सुरू झाला. अशा पांचसहा लाटा एकामागून एक येत, मग कांहीं मिनिटें अगदीं शांत, आणि पुन्हां तशाच पांचसहा. त्या शांत मिनिटांतच आम्हीं मुलांस होडींत बसविलें असतें.

गांवीं परतल्यावर एका पालकांनीं विचारलें कीं, किल्ला दाखविला नाहीं तर पैसे कशाचे घेतले? त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देत आहों.

समुद्रावरील लाटा दोन प्रकारच्या असतात. एक जवळच्या वाऱ्याची. ती आंखूड, घाईची आणि वेडीवांकडी असते. दुसरी दूरची. हजारों कोसांवर वादळ होतें, तेथील वारा पाण्यास जी शक्ति देतो ती लाटांच्या रांगांनीं समुद्र ओलांडून येते, आणि किनाऱ्यावर वाऱ्याची झुळूकही नसतां येऊन थडकते. कोणती लाट कोणत्या प्रकारची, हें ओळखण्याची खूण म्हणजे दोन लाटांमधील काळ. जवळच्या लाटा चारपांच सेकंदांनीं येतात. दूरच्या बारा, पंधरा, क्वचित् अठरा सेकंदांनीं. तांडेल ज्यास "लांबचें पाणी" म्हणाला तें हेंच. त्यानें घड्याळ लावलें नव्हतें. परंतु धक्क्याला बांधलेल्या होड्या कशा वर-खालीं होत आहेत, हें तो आमच्याशीं बोलतां बोलतां पाहत होता.

गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांसाठीं एक हिशेब देतों. खोल समुद्रांत दोन लाटांमधील सेकंदांस सुमारें २.८ नें गुणलें म्हणजे ती रांग ताशीं किती किलोमीटर येत आहे, तें निघतें. पंधरा सेकंदांची रांग ताशीं ४२, म्हणजे दिवसास सुमारें हजार किलोमीटर चालते. दक्षिण गोलार्धांत चाळीसाव्या अक्षांशाजवळ वादळ झालें, तर तेथून आपला पश्चिम किनारा सहा हजार किलोमीटरांहून थोडा अधिक. म्हणजे सुमारें सहा दिवसांची वाट. वॉल्टर मंक नांवाच्या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९६३ सालीं अशा लाटांचा पाठलाग न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत केला. पॅसिफिक महासागर ओलांडूनही त्या लाटा ओळखूं येण्याजोग्या राहिल्या होत्या.

येथें आमचे कांहीं वाचक हंसतील. भाकितावर विश्वास ठेवावयाचा काय? पावसाचें भाकीत ऐकून पेरणी केलेल्या आणि मग दुबार पेरणीसाठीं बियाणें शोधीत हिंडलेल्या शेतकऱ्यांचा हा जिल्हा आहे. त्यांचें हंसूं आम्हांस समजतें. परंतु दोन भाकितांत फरक आहे, आणि तो लातूरकरांस तर चटकन् समजावा. २०१६ सालच्या एप्रिलांत मिरजेहून पाण्याची आगगाडी आपल्या गांवीं आली. दहा वाघिणी आणि पांच लाख लिटर पाणी, हे आंकडे त्या वेळीं लहान मुलांसही पाठ होते. पाऊस केव्हां पडेल, हें त्या वर्षीं कोणीच खात्रीनें सांगूं शकत नव्हतें. परंतु गाडी मिरज सोडून निघाल्यावर ती लातुरास केव्हां पोहोंचेल, हें कोणताही स्टेशनमास्तर सांगूं शकत होता. पावसाचें भाकीत म्हणजे जो ढग अजून जन्मला नाहीं त्याविषयींचें अनुमान. दूरच्या लाटेचें भाकीत म्हणजे सुटलेल्या गाडीची वर्दी. लाट निघालेली असते. तिची उंची, दिशा व तिच्यामधील सेकंद समुद्रावर तरंगणारीं यंत्रें मोजतात, आकाशांतील उपग्रहही उंची मोजतात. राहतो तो केवळ वाटेचा हिशेब.

हा हिशेब आपल्या देशांत कोठें होतो, हें ऐकून मुलांस मौज वाटेल. तो मुंबईस होत नाहीं कीं गोव्यासही नाहीं. तो हैदराबादेस होतो. ज्या शहरीं आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं राज्याची गादी होती, आणि जें लातुराहून मालवणापेक्षां कितीतरी जवळ आहे, तेथें समुद्राची माहिती देणारें राष्ट्रीय केंद्र आहे. लाटेची उंची, तिचा काळ, तिची दिशा, वारा व प्रवाह यांचें पुढील कांहीं दिवसांचें भाकीत तेथून कोळ्यांसाठीं रोज निघतें, आणि कोणासही विनामूल्य वाचतां येतें. समुद्रापासून इतक्या दूर बसून समुद्र वाचतां येतो, तर लातुरास बसून तो कां वाचूं नये?

वाचावयाचें म्हणजे काय, तेंही थोडक्यांत सांगतों, कारण एकट्या उंचीकडे पाहून माणूस फसतो. एक मीटर उंचीची पांच सेकंदांची लाट आणि एक मीटर उंचीचीच पंधरा सेकंदांची लाट, या दोहोंत फार मोठें अंतर आहे. दुसरीच्या पोटांत कितीतरी अधिक पाणी चालत असतें आणि उथळ जागीं ती अधिक उंच होते. साधारणतः लाटेच्या उंचीच्या सव्वापट खोली उरली कीं ती फुटते. वाळूच्या उतारावर खोली हळूहळू कमी होते, म्हणून लाट दमानें मोडते. खडकावर किंवा प्रवाळाच्या कड्यावर ती खोली एकाएकीं संपते, म्हणून लाटही एकाएकीं उभी राहून कोसळते. भरतीस जो खडक निरुपद्रवी, तोच ओहोटीस घातकी. त्यांत वाऱ्याची भर. भूगोलाच्या पुस्तकांत मतलई वारे आणि खारे वारे तुम्हीं पाठ केलेच आहेत. पहांटेचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि पाणी गुळगुळीत करतो. त्यामुळें सकाळीं समुद्र आहे त्याहून गरीब दिसतो. दुपारीं खारा वारा सुटला कीं तोच खवळलेला दिसूं लागतो. आमची मालवणची सकाळ ही अशी मतलई वाऱ्याची सकाळ होती. पाणी तेलासारखें दिसलें, तें वाऱ्यामुळें, लाटेमुळें नव्हे.

२०२४ सालीं पॅरिसचे ऑलिंपिक सामने झाले, तेव्हां फळीवर उभें राहून लाटेवरून घसरत येण्याची स्पर्धा पॅसिफिकमधील ताहिती बेटावर, तेआहुपो येथील प्रवाळकड्यावर ठेविली होती. जगांतील उत्तमोत्तम खेळाडू तेथें जमले होते. तरीही लाट व वारा अनुकूल नाहीं असें दिसतांच स्पर्धा थांबविण्यांत आली आणि सर्वजण किनाऱ्यावर वाट पाहत बसले. अशा वेळीं थांबण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. आणि आमच्या सहलींत मात्र "इतक्या लांबून आलों आहों, पाण्यांत उतरूं द्या" हा एकच युक्तिवाद सर्वांवर मात करितो!

त्या युक्तिवादाची किंमत केवढी, हें लिहितांना हात जड होतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या समुद्रांत पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. ६ मे २०२४ रोजीं कन्याकुमारी जिल्ह्यांत वैद्यकाचे पांच तरुण विद्यार्थी लाटेनें ओढून नेले. त्या वेळीं वादळ नव्हतें. होती ती दूरची लाट. तिला केरळांतील कोळी जें नांव देतात, त्याचा अर्थ चोरासारखा येणारा समुद्र असा आहे. परंतु या चोराची वर्दी अगोदरच लागली होती. उंच लाटांचा इशारा त्या दिवसांत दिलेला होता. तीं मुलें डॉक्टर होणार होतीं. त्यांस वाचतां येत नव्हतें असें कोण म्हणेल?

भाकिताची थट्टा ही नवी नव्हे. इंग्लंडांत १८५९ सालीं एका वादळांत "रॉयल चार्टर" हें जहाज शेंकडों माणसांसह बुडालें, तेव्हां फिट्झरॉय नांवाच्या दर्यावर्दी अधिकाऱ्यानें तारायंत्राच्या साह्यानें किनाऱ्यास इशारे धाडण्याची व्यवस्था केली, आणि १८६१ पासून वर्तमानपत्रांत हवेचीं भाकितें छापविलीं. तीं चुकलीं कीं लोक हंसत. १८६५ सालीं तो वारला, आणि पुढें कांहीं काळ इशारेच बंद ठेवण्यांत आले. तेव्हां ते पुन्हां सुरू करा म्हणून मागणी झाली. आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजीं रेवसकडे निघालेली "रामदास" बोट ऐन पावसाळ्यांतील खवळलेल्या समुद्रांत, मुंबईपासून थोड्याच अंतरावर उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. ती आठवण कोंकणांतल्या जुन्या घरांत अजून आहे. घांटावर मात्र ती ऐकूं येत नाहीं.

आम्हां लातूरकरांची आठवण निराळी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीची जमीन हादरली, तेव्हां आम्ही शाळकरी होतों. गणेशविसर्जन करून निजलेलीं गांवेंच्या गांवें दगडमातीखालीं गेलीं. त्या संकटाची वर्दी कोणी देऊं शकलें नाहीं. आजही भूकंपाची घटका अगोदर सांगणारें यंत्र जगांत नाहीं. "एक तास आधीं कळलें असतें तर" हें वाक्य ज्या घरांतून आम्हीं ऐकलें, त्या घरांतील नातवंडें आज आमच्या वर्गांत बसतात. ज्यांनीं त्या एका तासासाठीं आयुष्यभर उसासे टाकले, त्यांच्याच मुलांस समुद्र तीन तीन दिवस आधीं सांगत असतां आपण तें कागदावर उतरवूनही घेऊं नये काय? ईश्वरी इच्छा म्हणून मान तुकवावी अशा कांहीं गोष्टी आहेत. परंतु वाचावयाचा आळस त्यांत घालूं नये. प्रभूच्या शिष्यांपैकीं कित्येक कोळी होते, आणि ज्या गालील सरोवरावर त्यांस वादळानें गांठलें, तें डोंगरांच्या कुशींत इतकें खोल आहे कीं तेथें वारा एकाएकीं खालीं कोसळतो. त्यांस भाकीत नव्हतें. आपल्यास आहे.

तथापि हैदराबादचें भाकीत सर्व कांहीं सांगतें, असेंही आमचें म्हणणें नाहीं. तें एका विस्तृत पट्ट्यासाठीं असतें. अमुक खडकाच्या डाव्या बाजूस पाणी कसें ओढतें, हें त्यांत नसतें. तें त्या तांडेलास ठाऊक असतें. म्हणून दोन्ही हवींत, आणि दोहोंपैकीं एकानेंही "नको" म्हटलें तर शिक्षकानें परत फिरावें. हा अधिकार सहलीच्या प्रमुख शिक्षकास निर्विवाद असावा, आणि परत आल्यावर त्यास पालकांपुढें गुन्हेगारासारखें उभें करूं नये, एवढीच आमची मागणी आहे.

आगामी सहलीसाठीं आमची योजना अशी: निघण्यापूर्वीं तीन दिवस प्रार्थनागृहाबाहेरील फळ्यावर लाटेची उंची, सेकंद, दिशा, वारा आणि भरती-ओहोटीच्या वेळा रोज लिहिल्या जातील. लिहिण्याचें काम नववीच्या वर्गाकडे राहील, आणि गुणाकार चुकल्यास तो त्यांनींच दुरुस्त करावा. पालकांनींही मुलांस सोडण्यास येतील तेव्हां फळा वाचावा. आणि त्या जुन्या प्रश्नाचें राहिलेलें अर्धें उत्तर: होडी सुटली नाहीं, तर होडीचे पैसे परत मिळतील, एस. टी.चे मात्र मिळणार नाहींत.