स्पेस चालत नसेल, तर आधी सांगा

फोल्डरच्या नावात स्पेस असली की सॉफ्टवेअरचा बिल्ड मध्येच कोसळतो, ही तक्रार जुनीच. वापरणारे म्हणतात, स्क्रिप्ट दुरुस्त करा. प्रकल्प सांभाळणारे म्हणतात, फोल्डरचं नाव बदला. तथ्य दोन्हीकडे आहे, पण एकाच प्रमाणात आणि एकाच जागी नाही.

आधी वापरणाऱ्यांची बाजू. १९९५ साली विंडोज ९५ने लांब नावं आणली आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ हे स्पेस असलेलं फोल्डर घरोघरच्या संगणकांवर पोचलं. मॅकवर ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’ आहे. विंडोजवर खातं उघडताना कुणी नाव-आडनाव लिहिलं, तर त्याच्या होम फोल्डरच्या नावातही स्पेस येऊ शकते. यात त्याचं काय चुकलं? शिवाय नुकसान दर वेळी अडलेल्या बिल्डपुरतं राहत नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये मॅकसाठीच्या आयट्यून्स २च्या इन्स्टॉलरमध्ये एका व्हेरिएबलला डबल कोट घालायचे राहून गेले. ड्राइव्हच्या नावात स्पेस असलेल्या काही जणांचा डेटाच त्यात पुसला गेला. ॲपलला तो इन्स्टॉलर मागे घ्यावा लागला.

सांभाळणाऱ्यांची अडचणही खरी आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेल्या ‘मेक’ या बिल्ड साधनामध्ये यादीतली दोन नावं वेगळी करते ती स्पेसच. त्याच्या ‘ग्नू मेक’ या अवताराची फाइलनावांवर काम करणारी फंक्शनं याच गृहीतकावर उभी आहेत. शेलमध्ये स्पेस असलेल्या नावाला कोट घालून भागतं. मेकच्या यादीत कोटला काही अर्थच नाही. बॅकस्लॅश काही ठिकाणी चालतो, पण पुढच्या फंक्शनमध्ये पाथचे पुन्हा तुकडे पडतात. सरसकट कोट घालत सुटणं हाही उपाय नव्हे. कंपायलरला द्यायचे पर्याय ज्या व्हेरिएबलमध्ये असतात, त्याचे तुकडे पडणंच अपेक्षित असतं. तिथे कोट घातले की चालता बिल्ड बंद पडतो. आणि आपली स्क्रिप्ट निर्दोष केली तरी तिने बोलावलेली दुसऱ्या कुणाची तरी स्क्रिप्ट पाथ तोडतेच.

म्हणून कुणी काय दुरुस्त करायचं, याची रेषा नुकसान पाहून आखावी. इन्स्टॉल करणाऱ्या, साफसफाई करणाऱ्या, फाइली हलवणाऱ्या-पुसणाऱ्या शेल स्क्रिप्टना सूट नको. कोट राहिले तर शेलचेक हे तपासणीचं साधन ते दाखवून देतं. फाइलनावं शून्य बाइटने वेगळी करण्याची फाइंड आणि एक्सआर्ग्ज या कमांडची सोय वर्षानुवर्षं वापरात आहे आणि २०२४च्या पॉझिक्स मानकात तिला अधिकृत जागाही मिळाली आहे. इथे आळसाखेरीज कारण उरत नाही.

मेकच्या गाभ्याबाबत मात्र नकार देण्याचा हक्क मान्य करायला हवा. अट एवढीच की तो स्पष्ट आणि वेळेवर असावा. लिनक्स कर्नलची मुख्य मेकफाइल सोर्स फोल्डरच्या पाथमध्ये स्पेस किंवा कोलन दिसताच तसा संदेश देऊन थांबते. ऑटोमेक वापरणाऱ्या प्रकल्पाची कॉन्फिगर स्क्रिप्टही तिला दिलेल्या सोर्स फोल्डरच्या पाथमध्ये स्पेस असेल, तर तो नाकारते. अर्ध्या तासाने भलत्याच फाइलचं नाव घेऊन येणाऱ्या एररपेक्षा हे कितीतरी बरं. चालू, जुना प्रकल्प केवळ स्पेससाठी मेकवरून हलवणं परवडेलच असं नाही. नवा प्रकल्प सुरू करणाऱ्याने मात्र साधन निवडताना हा मुद्दा विचारात घ्यावा.

राहिला प्रश्न स्पेस चालेल या आश्वासनाचा. बिल्ड सर्व्हरवरच्या पाथमध्ये सहसा स्पेस नसते, त्यामुळे आज केलेली दुरुस्ती उद्या मोडली तरी कुणाला कळत नाही. ‘आमच्याकडे स्पेस चालते’ असं म्हणणाऱ्या प्रकल्पाने मुद्दाम स्पेस घातलेल्या फोल्डरमध्ये एक बिल्ड रोज चालवावा. तेवढं मनुष्यबळ नसेल, तर आश्वासन मागे घेऊन पहिल्याच तपासणीत थांबणं जास्त प्रामाणिक.