नेमबाजांची क्रमवारी

जगाच्या क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर असलेली नेमबाज ऑलिंपिकमध्ये सोळावी कशी येते? २०२१ च्या जुलै महिन्यात टोकियोहून बातमी आली, तेव्हा पुष्कळ घरांतून हा प्रश्न विचारला गेला. कु. इलावेनिल वलारिवान ह्या १० मीटर एअर रायफल प्रकारात त्या वेळी जगात पहिल्या गणल्या जात होत्या. प्राथमिक फेरीत त्यांना सोळावे स्थान मिळाले, आणि अंतिम फेरीच्या आठ जणींत त्यांचे नाव आले नाही. त्या खेपेस भारताचे १५ नेमबाज गेले होते. पदक एकासही मिळाले नाही. क्रमवारीच खोटी असली पाहिजे, असे कोणी म्हटले. आपली मुले ऐन वेळी कच खातात, असे दुसऱ्या कोणी म्हटले. क्रमवारी कशी तयार होते हे नीट पाहिले, तर ही दोन्ही मते घाईची वाटू लागतात.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. नेमबाजीत ‘गुण’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरतात. एक गुण निशाणावर मिळतो, दुसरा कागदावर.

निशाणावरचा गुण समजण्यास सोपा, पण मिळविण्यास महाकठीण. फेस्ताच्या जत्रेत फुगे फोडावयाची छर्ऱ्याची बंदूक आपल्यापैकी बहुतेकांनी हाती धरली असेल. एअर रायफल ही जातीने तिचीच बहीण. मात्र जत्रेतल्या बंदुकीची नळी सरळ असेलच अशी खात्री कोणी देत नाही! स्पर्धेत निशाण १० मीटरांवर असते, आणि त्याच्या मध्यभागी जो ठिपका असतो त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान. छर्रा ४.५ मिलिमीटर जाडीचा. तो त्या ठिपक्यास नुसता चाटून गेला तरी १० गुण मिळतात. परंतु आता विद्युत्-यंत्राने मोजणी होत असल्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. छर्ऱ्याचा मध्य ठिपक्याच्या मध्याशी तंतोतंत जुळला तर १०.९, आणि तेथून दर पाव मिलिमीटरास दशांश गुण कमी होत जातो. असे ६० नेम सव्वा तासाच्या आत उभ्याने धरावयाचे. सर्व अचूक लागले तर बेरीज ६५४ होईल. टोकियोत कु. वलारिवान ह्यांची बेरीज ६२६.५ होती, म्हणजे दर नेमास सरासरी १०.४४. ह्या सरासरीस कोणी वाईट म्हणू शकणार नाही. पण त्या दिवशी आणखी पंधरा जणी तिच्याहून किंचित सरस होत्या. श्वास एकदा चुकीच्या क्षणी सुटला, की हे ‘किंचित’ भरून निघते.

आता कागदावरचा गुण. जगातील नेमबाजीचा कारभार पाहणारा आंतरराष्ट्रीय महासंघ १९०७ मध्ये स्थापन झाला. त्याचे कार्यालय जर्मनीत म्युनिक येथे आहे. जागतिक अजिंक्यपद, विश्वचषक अशा स्पर्धांत नेमबाज कितवा आला ह्यावरून त्यास क्रमवारीचे गुण मिळतात. स्पर्धा जितकी मोठी आणि स्थान जितके वरचे, तितके गुण अधिक. ठराविक काळातील गुणांची बेरीज होते, आणि जुने गुण कालांतराने गळून पडतात. ही क्रमवारी केवळ शोभेची नसते. टोकियो आणि पॅरिस ह्या दोन्ही ऑलिंपिकच्या वेळी प्रत्येक वैयक्तिक प्रकारातील एक जागा क्रमवारीवरून देण्याची तरतूद होती.

ह्या रीतीत शहाणपण आहे. शेतकरी बैलाची पारख एका दिवसाच्या नांगरटीवरून करीत नाही. दोन-तीन हंगाम पाहतो. एखाद्याचा हात एखाद्या दिवशी देवाघरचा असावा तसा चालतो, पण वर्षभर वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या उजेडात, जेवणाखाणाचे हाल सोसून जो वरच्या आठांत राहतो त्याच्या अंगी खरे पाणी असते. मात्र एक उणीवही आहे, आणि ती मला लहान वाटत नाही. जो गेलाच नाही, त्यास गुण नाहीत. स्पर्धा कैरोत, म्युनिकमध्ये, चँगवॉनला. प्रवासखर्च, रायफल, छर्रे, जाड कातडी जाकीट ही सर्व मोठ्या खर्चाची बाब. घरची ऐपत बेताची आणि पाठीशी सरकार वा नोकरी देणारी संस्था नाही, असा मुलगा कितीही नेमका असला तरी त्या यादीत त्याचे नाव शोधून सापडावयाचे नाही. यादी लागलेले नेम मोजते, आणि नकळत तिकिटेही मोजते.

मागचे किती स्मरणात ठेवावे आणि कोठे पाटी पुसावी, ह्याविषयी महासंघाचे स्वतःचे मतही बदलत आले आहे. २००८ मध्ये बीजिंग येथे श्री. अभिनव बिंद्रा ह्यांनी सुवर्णपदक जिंकले, तेव्हा प्राथमिक फेरीची बेरीज अंतिम फेरीत पुढे धरीत असत. श्री. बिंद्रा ५९६ गुणांनिशी चौथे होते; फिनलंडचे हेन्री हॅक्किनेन ५९८ घेऊन पुढे होते. शेवटचा नेम उरला तेव्हा दोघांची बेरीज सारखी झाली. श्री. बिंद्रा ह्यांचा नेम १०.८ चा लागला, हॅक्किनेन ह्यांचा ९.७ चा. ७००.५ अशी बेरीज होऊन सुवर्ण भारताकडे आले, आणि हॅक्किनेन तिसऱ्या स्थानी गेले. २०१३ पासून हा नियम बदलला. अंतिम फेरीस सर्वांनी शून्यापासून आरंभ करावयाचा असे ठरले. प्रेक्षकांस हे अधिक रंगतदार वाटते. सकाळी ६० नेम सर्वांहून सरस मारणाऱ्यास मात्र दुपारी त्याचे काहीच श्रेय उरत नाही, हे मनास थोडे खटकते.

परंतु खरी कसोटी देशातल्या देशात लागते. ऑलिंपिकची जागा एखाद्या नेमबाजाने जिंकली, तरी ती त्याची नसते. त्याच्या देशाची असते. तेथे कोणास पाठवावयाचे हे देशाने ठरवावयाचे. ठाण्याचा श्री. रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे एअर रायफलचा जगज्जेता झाला, तेव्हा तो अवघा १८ वर्षांचा होता. ह्या प्रकारात श्री. बिंद्रा ह्यांच्यानंतर हा मान मिळविणारा तो दुसराच भारतीय पुरुष. त्याच विजयाने भारतास पॅरिसची एक जागा मिळाली. पुढे २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत दिल्ली व भोपाळ येथे निवड-चाचण्या झाल्या. त्यांच्या गुणांवरून श्री. अर्जुन बबुता व श्री. संदीप सिंग ह्यांची निवड झाली, आणि जागा मिळवून आणणारा रुद्रांक्ष घरी राहिला.

ह्यावर पुष्कळ हळहळ झाली. ज्याने विहीर खणली त्यासच पाणी नाही, असे म्हणणाऱ्यांचे दुःख मला समजते. तरीही माझे मत चाचणीच्या बाजूने आहे. जिंकलेली जागा दोन वर्षे राखून ठेवली, तर त्या दोन वर्षांत कष्ट करून पुढे आलेल्या दुसऱ्या मुलासाठी दार बंद होते, आणि त्याची हळहळ करण्यास वर्तमानपत्रही येत नाही. शिवाय चाचणीचा नियम आधी ठरलेला होता व सर्वांस एकच होता. टोकियोच्या अनुभवानंतर आज कोणाचा हात चालतो आहे हे पाहण्याची निकड होतीच. पॅरिसमध्ये श्री. बबुता ६३०.१ गुणांवर अंतिम फेरीत पोहोचले व चौथे आले, श्री. संदीप सिंग ६२९.३ गुणांवर बारावे राहिले. दोघांत आठ दशांशांचे अंतर.

त्याच चाचण्यांतून आणखी दोघे ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या प्रकारासाठी गेले. ह्यात गुडघ्यावर बसून, पालथे निजून आणि उभ्याने प्रत्येकी २० नेम धरावयाचे असतात, आणि प्राथमिक फेरीत दशांश न धरता पूर्ण गुणच मोजतात. एक मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्याचे श्री. ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर; दुसरे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे श्री. स्वप्नील कुसाळे, त्या वेळी रेल्वेतील तिकीट तपासनीस. श्री. कुसाळे ह्यांनीही २०२२ मध्ये कैरोतच, चौथे येऊन, भारतास एक जागा मिळवून दिली होती. तरी चाचणी त्यांनाही चुकली नाही. पॅरिसमध्ये श्री. तोमर ह्यांस ५८९ गुण पडले व ते अकरावे आले. श्री. कुसाळे ह्यांस ५९० पडले, आणि सातव्या स्थानावरून ते अंतिम फेरीत शिरले. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पुन्हा शून्यापासून आरंभ करून त्यांनी ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळविले. ह्या प्रकारातील ते भारताचे पहिले ऑलिंपिक पदक होय.