पाच हजारांखालची सायकल

गेल्या महिन्यात पर्वत पाटियाला आमच्या बिल्डिंगखालून माझी सायकल चोरीला गेली. जुनीच घेतलेली, ३,५०० रुपयांची. पोलिसांकडे गेल्यावर कळलं, की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत ५,००० रुपयांखालची चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे एफआयआर नाही, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपासही नाही.

दुकानदार म्हणाला, नवी घ्या, हप्त्याने द्या, विमाही काढा. पण चोरीच्या क्लेमला सहसा एफआयआर लागतेच! महागडी सायकल असली तर दोन्ही जमतं. सायकलवर मार्केटला कामाला जाणाऱ्याला मात्र काहीच नाही. हे मला साफ चुकीचं वाटतं. दे सिकाच्या ‘बायसिकल थीव्ज’मध्ये (१९४८) मारिया नवऱ्याची सायकल सोडवायला घरातल्या चादरी गहाण टाकते. लिंबायत-डिंडोलीतल्या आपल्या खानदेशी घरांना तो सीन समजावून सांगावा लागणार नाही. सायकलची किंमत ठरवताना तिच्यावर किती दिवसांची मजुरी टिकून आहे, हे कायद्याने बघायला हवं.

बिनपावतीची एक हजारात मिळत होती. नको म्हटलं, तीही कुणाची तरी गेलेलीच असेल. शेवटी परत जुनीच घेतली, पण पावतीसकट, आणि पॅडलखालचा फ्रेम नंबर वहीत लिहून ठेवला. मम्मी म्हणते, आधी कुलूप चांगलं घे.