बुडालेल्या फ्रीजचे हप्ते

मनिलात येऊन मला आता नऊ वर्षं होतील. या नऊ वर्षांत भारतातून जो जो पाहुणा माझ्याकडे आला, त्यानं परत जाताना विमानतळाच्या वाटेवर एक वाक्य हमखास म्हटलं. "लोक काय आनंदी आहेत रे इथले!" पहिली काही वर्षं मला हे वाक्य ऐकून आपल्या घरची स्तुती झाल्यासारखं वाटायचं. मी स्वतःही तेच लिहीत होतो. फिलिपिनो माणूस कसा गरिबीतही गातो, पुरातही हसतो, सप्टेंबर लागला की नाताळची गाणी कशी सुरू करतो, वगैरे. ते सगळं लिखाण आज मला मागे घ्यायचं आहे.

त्याचं कारण एक फोटो आहे.

२४ जुलै २०२४. कारिना नावाच्या वादळानं नैऋत्य मोसमी पावसाला जोर दिला आणि सकाळपासून मेट्रो मनिला पाण्याखाली जाऊ लागली. मारिकिना नदीची पातळी वीस मीटरच्या वर गेली. मी राहतो मांडालुयोंगमध्ये, तेविसाव्या मजल्यावर. माझ्याकडे पाणी येण्याचा प्रश्नच नव्हता, वीजही जनरेटरवर चालू होती. माझ्याकडे कामाला येणारी आते मात्र मारिकिना नदीच्या काठच्या वस्तीत राहते. टागालोगमध्ये मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात. माझ्या आजोळी आत्याला आते म्हणत, त्यामुळे हा शब्द मला पहिल्याच दिवशी घरचा वाटला होता. त्या दुपारी तिनं मेसेंजरवर फोटो पाठवला. आज येऊ शकत नाही, एवढंच त्याखाली लिहिलं होतं. फोटोत ती, तिची नात आणि शेजारच्या तीन बायका कमरेएवढ्या गढूळ पाण्यात उभ्या होत्या. सगळ्या कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या.

मी तो फोटो तिला न विचारता फेसबुकवर टाकला. वर मराठीत लिहिलं की जगावं कसं ते यांच्याकडून शिकावं. तीनशेच्या वर लोकांना ते आवडलं. कुणीतरी लिहिलं, 'आपण किती छोट्या गोष्टींची तक्रार करतो, नाही?'

आते पाचव्या दिवशी आली. इस्त्री करता करता म्हणाली, "सर, तुम्ही लिहिलेलं मी वाचलं. फेसबुक भाषांतर करून देतं." मी खूश होऊन तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "सर, फोटो काढताना सगळेच हसतात." मग तिनं सांगितलं की तिचा फ्रीज गेला. बारा महिन्यांच्या हप्त्यांवर घेतलेला. तीन हप्ते भरून झाले होते, नऊ राहिले होते. दुकानदार म्हणाला, पूर आला हा काही आमचा दोष नाही. वर ती 'पो' लावून म्हणाली, कारण आपल्या 'जी' किंवा 'अहो'सारखा हा आदराचा प्रत्यय तिच्या तोंडून रागातही सुटत नाही. तिला माझा राग आला होता, हे मला संध्याकाळी कळलं.

तेव्हापासून मी या कौतुकाचा हिशेब मांडतो आहे.

इथे एक शब्द फार चलनात आहे, रेझिलियन्स. आपण त्याला चिवटपणा म्हणू. वादळ आलं की तो वर्तमानपत्रांत येतो, मंत्र्यांच्या तोंडी येतो, मदतनिधीच्या जाहिरातींत येतो. २६ सप्टेंबर २००९ ला ओंदोय वादळात मनिलात चोवीस तासांत ४५५ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तो आला. नोव्हेंबर २०१३ मध्ये योलांदानं ताक्लोबान उद्ध्वस्त केलं आणि देशात सहा हजारांहून अधिक माणसं गेली, तेव्हाही आला. २०२० मध्ये युलिसिस वादळात मारिकिना पुन्हा छपरांपर्यंत बुडालं, तेव्हाही. मात्र तोवर इथल्या तरुण मुलांनी या शब्दाला जाहीरपणे विटायला सुरुवात केली होती. आम्हाला चिवट म्हणू नका, आम्हाला नाले द्या, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश होता. मी मुंबईकर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवसापासून 'मुंबई स्पिरिट'चे ढोल वाजू लागले, ते मी कानांनी ऐकलेले आहेत. नाइलाजानं कामावर गेलेल्या माणसाला शूर म्हटलं की त्याला नाइलाजाबद्दल बोलता येत नाही. हे मला मुंबईत कळलं होतं. मनिलात आल्यावर मी ते विसरलो, कारण इथे पाण्यात उभा राहणारा मी नव्हतो.

आता या चिवटपणाची दुसरी बाजू बघा. कारिनाच्या दोनच दिवस आधी, २२ जुलै २०२४ ला, राष्ट्राध्यक्ष मार्कोस (धाकटे) यांनी देशापुढच्या वार्षिक भाषणात सांगितलं होतं की पूरनियंत्रणाचे साडेपाच हजारांहून अधिक प्रकल्प पूर्ण झाले आहेत. दोन दिवसांनी राजधानी बुडाली. पुढच्या वर्षीच्या भाषणात त्याच अध्यक्षांनी या कामांत हात मारणाऱ्यांना लाज वाटू द्या म्हणून सुनावलं, आणि ऑगस्टमध्ये सरकारनं स्वतःच आकडे बाहेर काढले. जुलै २०२२ पासूनचे ९,८५५ प्रकल्प, किंमत ५४५ अब्ज पेसो. त्यातले सुमारे १०० अब्ज अवघ्या पंधरा कंत्राटदारांकडे. बुलाकान प्रांतातल्या बालिवाग इथे नदीची एक संरक्षक भिंत कागदावर शंभर टक्के पूर्ण होती, तिचे साडेपाच कोटी पेसो चुकते झाले होते. अध्यक्ष पाहायला गेले, तर तिथे भिंतच नव्हती. अशा कामांना इथे 'भुताचे प्रकल्प' म्हणतात.

म्हणजे आते ज्या पाण्यात हसत उभी होती, ते नुसतं पावसाचं पाणी नव्हतं. आणि मी तिच्या हसण्याचं कौतुक करत होतो!

यावर माझा एक मित्र म्हणाला, "अरे पण त्यांची एकी खरी आहे ना? बायानिहान खोटं आहे का?" बायानिहान म्हणजे गावकऱ्यांनी मिळून बांबूंवर अख्खं घर खांद्यावर उचलून दुसरीकडे नेणं. इथल्या शाळांच्या भिंतींवर आणि भेटवस्तूंच्या दुकानांत हे चित्र असतंच. खोटं मुळीच नाही. पण त्याचं काय केलं जातं ते पाहा. २०२० मध्ये सरकारनं महासाथीच्या कायद्याच्या नावातच 'बायानिहान' घातलं. पुढच्या एप्रिलमध्ये क्वेझॉन सिटीतल्या मागिन्हावा रस्त्यावर एका तरुणीनं बांबूच्या हातगाडीवर तांदूळ-भाजी ठेवली. ज्याला जमेल त्यानं ठेवावं, ज्याला लागेल त्यानं न्यावं. काही दिवसांत देशभर अशा शेकडो हातगाड्या उभ्या राहिल्या. याहून शुद्ध बायानिहान कुठलं? पण पोलिसांच्या आणि बंडखोरीविरोधी सरकारी यंत्रणेच्या बाजूनं या लोकांचा कम्युनिस्टांशी संबंध जोडणं सुरू झालं आणि त्या मुलीला सुरक्षिततेसाठी एक दिवस गाडी बंद ठेवावी लागली. चित्रातलं बायानिहान सरकारला हवं होतं. रस्त्यावरच्या बायानिहानमुळे लोक विचारू लागले की मुळात ही वेळ आमच्यावर का आली, म्हणून ते नको होतं.

पाहुण्यांच्या आवडीची दुसरी गोष्ट म्हणजे सारी-सारी दुकान. घराच्या खिडकीला जाळी लावून थाटलेलं हे दुकान प्रत्येक गल्लीत असतं. तिथे सगळं सुटं मिळतं. एक सिगारेट, शाम्पूची एक पुडी, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं चमचाभर तेल. याला 'टिंगी' म्हणतात. मीही लिहिलं होतं की ही गरजेपुरतं घेण्याची संस्कृती आहे, आपल्या जुन्या वाण्यासारखी. खरं तर हा रोजंदारीचा आरसा आहे. मेट्रो मनिलात २०२५ च्या जुलैपासून किमान वेतन दिवसाला ६९५ पेसो झालं. ते तरी सर्वांना मिळतं का? सहा महिन्यांनी कायम करावं लागतं म्हणून पाचव्या महिन्यात माणूस काढून टाकायचा, या प्रथेला इथे 'एंदो' असं सुटसुटीत नाव आहे. ज्याला पुढच्या महिन्याची खात्री नाही, तो बाटली घेत नाही, पुडी घेतो. पुडी दर थेंबाला महाग पडते, आणि तिचं रिकामं प्लास्टिक जाऊन बसतं त्याच नाल्यात, जो पुढच्या पावसात तुंबतो. मग कुणीतरी म्हणतं, या गरिबांना कचरा कुठे टाकावा ते कळत नाही.

मग माझ्या आठवणीचं काय? कारण खरा गुन्हेगार तीच आहे. मी लालबागच्या चाळीत वाढलो. आतेच्या वस्तीत पहिल्यांदा गेलो तेव्हा मला तो लांबलचक व्हरांडाच दिसला. उघडी दारं, एका घरातला वाटीभर पदार्थ दुसऱ्या घरात, संध्याकाळी कुणाच्या तरी अंगणात गाणी. मला भरून आलं. पण चाळीत मला भरून येत नव्हतं. तिथे सकाळी संडासाच्या रांगेत बादली धरून उभं राहावं लागायचं आणि माझी आई वर्षानुवर्षं एकच स्वप्न पाहायची, स्वतःच्या नळाचं. चाळीवर गहिवरून लिहिणारे आम्ही सगळे चाळ सोडून गेलेले आहोत. जे सोडता आलं, त्याच्यावरच माणसाला प्रेम करता येतं. आतेला तिची वस्ती अजून सोडता आलेली नाही.

आणि ही ओढ निरुपद्रवी नसते, हे फिलिपिन्सइतकं कुठल्या देशानं दाखवलं असेल? २०२२ च्या निवडणुकीत थोरल्या मार्कोसांच्या राजवटीचा 'सुवर्णकाळ' मोबाइलच्या पडद्यांवर रंगवला गेला आणि धाकटे मार्कोस तीन कोटींहून अधिक मतं घेऊन निवडून आले. १९७२ च्या मार्शल लॉनंतर, ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या नोंदींनुसार, सुमारे सत्तर हजार माणसं तुरुंगात गेली. १९८६ मध्ये लोकांनी एदसा रस्त्यावर उतरून त्यांना घालवलं, तेव्हा देशाच्या डोक्यावर अडीच हजार कोटी डॉलरहून जास्त परदेशी कर्ज होतं. पण तेव्हा रस्ते स्वच्छ होते, असं आतेचा नवरा मला सांगतो. तेव्हा तो सात वर्षांचा होता.

माणसं परदेशी पाठवून डॉलर मिळवण्याचं धोरणही त्याच काळातलं, १९७४ च्या कामगार कायद्यातलं. नंतरच्या सरकारांनीही ते सोडलं नाही. १९८८ मध्ये कोराझोन अकिनोंनी हाँगकाँगमधल्या मोलकरणींना 'नव्या वीरांगना' म्हटलं. २०२४ मध्ये या वीरांनी बँकांमार्फत घरी पाठवलेली रक्कम सुमारे ३,४०० कोटी डॉलर होती. आतेची मुलगी त्यांच्यापैकीच एक. ती हाँगकाँगमध्ये दुसऱ्याचं मूल सांभाळते आणि तिचं मूल इथे आते सांभाळते. वर्षातून एकदा तिच्याकडून बालिकबायन बॉक्स येतो. साबण, चॉकलेट, डबाबंद मांस, नातीला बूट. बूट कधी लहान होतात, कधी मोठे. आईला मुलीच्या पायाचं माप अंदाजानं घ्यावं लागतं. यावरही मी पूर्वी एक हळवा लेख लिहिला होता.

तुम्ही म्हणाल, मग काय त्यांनी रडत बसावं? नाही. त्यांचं हसणं त्यांचं आहे. पाण्यात उभं असताना शेजारणीच्या विनोदावर हसणं हा त्यांचा हक्क आहे, त्यात खोटं काही नाही. माझी तक्रार त्या हसण्याचं प्रमाणपत्र करून वर सही करणाऱ्यांबद्दल आहे. त्यात मंत्री येतात, कंत्राटदार येतात, पर्यटक येतात आणि तेविसाव्या मजल्यावरचा मी येतो. आते हसते आहे तोवर तिचा पगार वाढवण्याचा विचार माझ्याही मनात आला नव्हता, हे कबूल केल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

२१ सप्टेंबर २०२५, रविवार. मार्शल लॉच्या घोषणेची तारीख. पूरनियंत्रणाच्या पैशांचा जाब विचारायला हजारो लोक लुनेटा मैदानावर आणि एदसावर जमले. आते गेली होती. मी परदेशी, मोर्चात जायला मला मनाई, म्हणून टीव्हीवर पाहत बसलो. सोमवारी ती आली तेव्हा विचारलं, फोटो काढलास का? म्हणाली, काढला, पण तुम्हाला पाठवणार नाही.

फ्रीजचे उरलेले हप्ते मी भरायला निघालो होतो. तिनं ते घेतले नाहीत. म्हणाली, पगार वाढवा. तो वाढवला आहे. हप्ते तिनंच फेडले, नऊच्या नऊ, घरात फ्रीज नसताना. बालिवागच्या त्या भिंतीचे पैसे मात्र सगळे वेळेवर चुकते झाले होते.