विद्यार्थी कोण?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. संदर्भग्रंथ विकत घेण्याची ऐपत नाही, त्यामुळे माझा निम्मा अभ्यास झेरॉक्सवर चालतो. ही चोरी तर नव्हे, अशी बोचणी मनाला असे.

दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी प्रकाशकांनी खटला भरला होता. अध्यापनासाठी अशा प्रती काढण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे, असा निर्वाळा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. हे वाचले आणि जीव भांड्यात पडला!

आता तशीच मुभा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या मागत आहेत. यंत्रही वाचूनच शिकते, असे त्यांचे म्हणणे. २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध त्याच न्यायालयात दावा लावला. अमेरिकेत २०२५ साली एका न्यायाधीशांनी विकत घेतलेली पुस्तके यंत्राला शिकविण्यास वापरणे रास्त ठरविले. चोरट्या प्रतींचा साठा मात्र गैर ठरविला. पुढे अँथ्रॉपिक कंपनीने तडजोडीत दीडशे कोटी डॉलर देण्याचे कबूल केले.

मला वाटते, येथे ऐपत पाहिली पाहिजे. मी प्रत काढते ती पैसे नाहीत म्हणून; कंपनी काढते ती पैसे मिळविण्यासाठी. लेखकाला तिने मोबदला द्यावा. गरिबासाठी ठेवलेल्या दारातून श्रीमंतच आत शिरू लागले, तर उद्या ते दार सर्वांनाच बंद होईल. कंपनी तेव्हा पुस्तके विकत घेईल. मी काय करू?