चौथा नंबर

२०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आपला दीपक पुनिया कुस्तीत ब्राँझसाठी खेळत होता. शेवटच्या काही सेकंदांपर्यंत पुढे होता, आणि गेलं हो हातातलं! हरवणारा माईल्स अमीन सान मारिनोचा. नातू म्हणाला, "आजोबा, असा देश तरी आहे का?" अ‍ॅटलास काढून दाखवला. इटलीच्या पोटातला ठिपका, वस्ती जेमतेम ३४ हजार. आले पाच खेळाडू, पदकं नेली तीन. (अमीन जन्मानं अमेरिकन, हेही खरं. असो.)

मला अप्रूप अलेसांद्रा पेरिल्लीचं. २०१२ ला लंडनमध्ये ट्रॅप नेमबाजीत शूट-ऑफमध्ये तिचं पदक हुकलं, चौथी आली. नऊ वर्षांनी टोकियोत देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक तिनंच आणलं. दोन दिवसांनी मिश्र जोडीत रौप्यही! एवढ्याशा देशाला हातचं माणूस टाकून देणं परवडतच नसावं.

आपल्याकडे मिल्खासिंग आणि उषा सोडले तर चौथ्याला विचारतो कोण? दुसऱ्यांना कशाला बोलू? क्रीडादिनाला फळ्यावर मीही तिघांचीच नावं लिहायचो. चौथ्या आलेल्यांपैकी एकाचंही नाव आज आठवत नाही.