बर्नआउट : विश्रांतीचा प्रश्न आणि कामाच्या तासांचा हिशेब

मुंबई/नवी दिल्ली : पुण्यातील एका बहुराष्ट्रीय लेखा व सल्लागार कंपनीत रुजू होऊन जेमतेम चार महिने झालेल्या 26 वर्षीय सनदी लेखापाल तरुणीचे जुलै 2024 मध्ये निधन झाले. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये समाजमाध्यमांवर पसरले आणि कामाच्या ताणाचा विषय काही आठवडे देशभर गाजला. मृत्यूचा कामाच्या ताणाशी संबंध असल्याचे कंपनीने नाकारले. केंद्रीय श्रम मंत्रालयाने तक्रारीची दखल घेतली. मात्र चार महिन्यांतच, जानेवारी 2025 मध्ये, एका मोठ्या अभियांत्रिकी उद्योगसमूहाच्या अध्यक्षांनी आठवड्याला 90 तास काम करण्याचा पुरस्कार केला आणि चर्चा पुन्हा मूळ पदावर आली. त्याआधी ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांना 70 तासांचा सल्ला दिला होता.

या वादात 'थकवा' आणि 'बर्नआउट' हे शब्द एकाच अर्थाने वापरले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे, बर्नआउटची व्याख्या नेमकेपणाने केली आहे. कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळ चाललेला आणि नीट न हाताळला गेलेला ताण हे त्याचे मूळ. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा तुच्छता आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही जाणीव, ही त्याची तीन लक्षणे. संघटनेने त्याला 'आजार' म्हटलेले नाही. 'व्यवसायाशी निगडित घटना' म्हटले आहे. हा भेद केवळ शाब्दिक नाही. आजार व्यक्तीला होतो आणि उपचारही तिच्यावरच होतात. व्यवसायाशी निगडित घटनेची चौकशी मात्र कार्यालयाच्या दारापर्यंत जायला हवी.

तासांचा हिशेब येथेच महत्त्वाचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्के अधिक असतो. एकट्या 2016 या वर्षात जगभरात 7 लाख 45 हजार मृत्यू अशा दीर्घ कामाच्या तासांशी जोडले गेले. केंद्र सरकारच्या 2024-25 च्या आर्थिक पाहणी अहवालाने याच निष्कर्षांचा आधार घेत, आठवड्याला 60 तासांपलीकडचे काम आरोग्याला घातक ठरू शकते असे नमूद केले. 90 तासांवरून गदारोळ सुरू असताना सरकारच्याच दस्तऐवजात हे छापून यावे, ही बाब लक्षणीय होती.

कायद्याचे चित्र मात्र इतके सरळ नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या चार श्रमसंहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कामगारासाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा आहे आणि जादा कामाला दुप्पट मोबदला आहे. पण 'कामगार' कोणाला म्हणायचे? व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारे, तसेच दरमहा 18 हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक या व्याख्येबाहेर राहतात. लॅपटॉप घेऊन घरी जाणारा, रात्री अकरा वाजता परदेशातील ग्राहकाच्या बैठकीला बसणारा आणि पदनामात 'मॅनेजर' लागलेला मोठा वर्ग या कुंपणापलीकडे उभा आहे. महाराष्ट्रात तर सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन मर्यादा 9 वरून 12 तास आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा 9 वरून 10 तास करण्यास मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा 48 तासच राहील आणि जादा कामासाठी कामगाराची संमती लागेल, असा सरकारचा खुलासा आहे. नोकरी टिकवण्याची धास्ती असलेल्या माणसाची संमती कितपत ऐच्छिक असते, हे कामगार संघटनांचे म्हणणे सहज बाजूला सारण्याजोगे नाही.

तासांची बेफिकिरी सर्वांत ठळक दिसते ती रुग्णालयांत. निवासी डॉक्टरांची सलग 36 तासांची पाळी ही देशभर जणू परंपराच मानली जाते. कोलकात्यातील आर. जी. कर रुग्णालयातील घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा कामाच्या तासांना अमानुष म्हटले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कार्यदलाच्या पाहणीत त्याच वर्षी एमबीबीएसच्या 27.8 टक्के विद्यार्थ्यांनी मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले होते. निवासी डॉक्टरांना आठवड्याला 74 तासांहून अधिक काम देऊ नये, आठवड्याला एक सुट्टी आणि रोज सात ते आठ तासांची झोप मिळावी, अशी शिफारस या कार्यदलाने केली. 74 तास ही सुधारणा वाटावी, यातच सध्याच्या स्थितीचे वर्णन आले! आयोगाच्या 2023 च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमांत तर कामाचे तास 'वाजवी' असावेत, एवढेच म्हटले आहे. आकडा नाही.

स्त्रियांच्या बाबतीत कार्यालयातून बाहेर पडल्यावर दिवस संपत नाही. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज 289 मिनिटे देतात, तर पुरुष 88 मिनिटे, असे आढळले. रोजच्या ताणावरचे बहुतेक सल्ले 'स्वतःसाठी वेळ काढा' येथे सुरू होतात. तो वेळ कोणाच्या वाट्यातून काढायचा, हे ते सांगत नाहीत.

बर्नआउटमधून सावरण्याच्या उपायांचा बाजारही दरम्यान वाढला आहे. कंपन्या ध्यानधारणेची ॲप्स, तणावमुक्ती कार्यशाळा आणि समुपदेशनाच्या हेल्पलाइन पुरवतात. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील 233 संस्थांतील 46 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीचे विश्लेषण करून 2024 मध्ये मांडलेला निष्कर्ष याबाबत बोलका आहे : अशा वैयक्तिक स्वरूपाच्या उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. बर्नआउट मोजण्याची प्रचलित प्रश्नावली ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या क्रिस्टिना मास्लाक यांनी मायकेल लायटर यांच्यासह केलेली मांडणीही याच दिशेची आहे. कामाचा बोजा, कामावरील नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांशी संबंध, न्याय्य वागणूक आणि मूल्ये या सहा बाबतींत माणूस आणि त्याची नोकरी यांचा मेळ तुटला, की बर्नआउट घडतो. यांतील एकही गोष्ट श्वसनाच्या व्यायामाने बदलत नाही.

याचा अर्थ व्यक्तीच्या हाती काहीच नाही, असा नव्हे. ठरलेल्या वेळेची पुरेशी झोप, कामाच्या वेळेनंतर कार्यालयीन संदेशांपासून खरीखुरी फारकत आणि सुट्टीत लॅपटॉप सोबत न नेणे, या साध्या सवयींनी रोजचा ताण साचत नाही. पण आधीच कोलमडलेल्या माणसाला आठवडाभराची सहल पुरत नाही. तो परततो तेव्हा तोच बोजा आणि तोच वरिष्ठ समोर असतात. काम कमी करून घेणे, जबाबदाऱ्यांची फेररचना मागणे आणि रजेनंतर टप्प्याटप्प्याने कामावर परतणे, हे यातले अधिक टिकाऊ मार्ग. त्यांना वरिष्ठांची साथ लागते. उदासी कामापुरती न राहता खाणे, झोप, घरची माणसे, आवडीच्या गोष्टी या सगळ्यांवर पसरली, तर ते नैराश्य असू शकते आणि तेथे डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य उपलब्ध आहे. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा संरक्षण देणे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना बंधनकारक आहे. बर्नआउट मात्र 'आजार' नसल्याने त्याच्या नावाने ना वैद्यकीय रजा सहज मिळते, ना विम्याचा दावा. बहुतेकांना प्रमाणपत्रावर दुसरेच निदान लिहून घ्यावे लागते.

कामानंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने 2017 पासून 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांत वाटाघाटीचा विषय केला; ऑस्ट्रेलियात असा हक्क ऑगस्ट 2024 पासून लागू आहे. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी या आशयाचे खासगी विधेयक पूर्वी मांडले होते आणि डिसेंबर 2025 मध्ये ते लोकसभेत पुन्हा मांडले. स्वातंत्र्यानंतर केवळ 14 खासगी विधेयके कायद्यात रूपांतरित झाली असून त्यांतील शेवटचे 1970 मध्ये संमत झाले.